नागपूर पाहायला कोणत्या दिवसांत यावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे : पुण्यातील एक कुटुंब, म्हणजे सत्तरी ओलांडलेले आई-वडील, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुले, प्रथमच नागपूरला येऊ इच्छिते. त्यांना दीक्षाभूमी आणि रामटेक पाहायचे आहे, एखादी जंगल सफारी करायची आहे आणि मुलांना संत्र्यांची बाग दाखवायची आहे. मोठी सुट्टी मे महिन्यात, दिवाळीत किंवा नाताळात मिळते. जानेवारी-फेब्रुवारीत फार तर दोन-तीन दिवसांची रजा काढता येईल. यांपैकी कोणता काळ निवडावा, असे त्यांनी विचारले आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांच्या सहली आखण्याचे आणि त्यांच्याबरोबर फिरण्याचे काम मी नागपुरात बरीच वर्षे करीत आलो आहे, त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. आपल्या कुटुंबासाठी सर्वांत चांगला काळ जानेवारीचा तिसरा आठवडा सरल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा आहे, आणि त्यातही २६ जानेवारी धरून दोन-तीन दिवसांची रजा जोडता आली तर फारच उत्तम. ते जमणार नसेल तर दिवाळीच्या सुट्टीचा उत्तरार्ध, म्हणजे भाऊबीज झाल्यानंतरचे दिवस घ्यावेत. नाताळ हा तिसरा पर्याय समजावा. मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन मात्र येऊ नये, हे मी अगदी स्पष्टपणे सांगतो.

ऋतू ठरवताना बहुतेक लोक कमाल आणि किमान तापमानाचे आकडे पाहतात. मी आधी तास मोजतो. सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत किती तास घराबाहेर सुखाने वावरता येईल, आणि त्या तासांत आपल्याला पाहायच्या जागा उघड्या असतात का, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की महिना आपोआप ठरतो. नागपूरच्या बाबतीत ही पद्धत विशेष उपयोगी पडते, कारण हे शहर दोन्ही समुद्रांपासून दूर, देशाच्या मध्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि इथले हवामान दोन्ही टोकांना जाते. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पुण्याच्या हवेला सरावलेल्या माणसाला या दोन्ही टोकांचा अंदाज येत नाही.

आणखी एक गोष्ट पुणेकरांच्या लक्षात सहसा येत नाही. नागपूर पुण्याच्या बरेच पूर्वेला असल्यामुळे इथे सूर्य सुमारे वीस मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. नोव्हेंबरच्या अखेरीस साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. दुपारचे जेवण आणि वामकुक्षी आटोपून चार वाजता रामटेकला निघालेल्या पाहुण्यांना गडावर पोहोचेपर्यंत अंधार गाठतो, म्हणून हिवाळ्यातले सर्व बेत सकाळी तासभर अलीकडे ओढावेत.

आता मे महिन्याकडे वळतो, कारण शाळांच्या सुट्टीमुळे सर्वाधिक चौकशी याच महिन्याची होते. मे महिन्यात सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या वर राहते आणि २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या नवतपाच्या, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत ४५ अंश ओलांडले, तरी नागपूरकरांना त्याचे नवल वाटत नाही. हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट धरली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या महिन्याचे स्वरूप कळेल. साडेपाचला सूर्य उगवतो, नऊ वाजता ऊन अंगाला टोचू लागते आणि दहापासून सायंकाळी सहा-साडेसहापर्यंत रस्ते ओस पडतात. सिग्नलवर लोकांना उन्हात ताटकळत उभे राहावे लागू नये म्हणून भर दुपारी शहरातील काही सिग्नल बंद ठेवले जातात. म्हणजे पाहुण्याच्या वाट्याला सकाळचे साडेतीन तास आणि रात्रीचे तीन तास येतात. सकाळच्या त्या तासांत संग्रहालय उघडलेले नसते आणि रात्री ते बंद झालेले असते. मंदिरे आणि दीक्षाभूमीचा स्तूप यांच्याबाबत अडचण वेगळी आहे : तिथे पादत्राणे काढावी लागतात आणि दुपारी बाराच्या पुढे दगडी फरशी इतकी तापते की अनवाणी चार पावले टाकणेही म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. रात्रीही भिंती उष्णता सोडत असतात, त्यामुळे दहा-साडेदहापर्यंत गच्चीत किंवा फुटाळा तलावाच्या काठी बसलेली कुटुंबेच्या कुटुंबे दिसतात. नागपूरची ही रात्रीची वर्दळ मला स्वतःला फार आवडते, पण केवळ तिच्यासाठी सत्तरीतल्या माणसांना उन्हात आणावे, असे मी म्हणणार नाही.

तरीही काही कारणाने उन्हाळ्यात यावेच लागले, तर काही गोष्टींची काळजी घ्यावी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कारण अशा औषधांमुळे उन्हात शरीरातील पाणी आणि क्षार लवकर कमी होतात. डोके आणि कान सुती दुपट्ट्याने बांधल्याशिवाय बाहेर पडू नये. इथे मुली, तरुण मुलगे आणि कामगार सगळेच तसे बांधतात, त्यात कोणाला वेगळे वाटत नाही. ऊन लागलेल्या माणसाचे अंग तापते, तो असंबद्ध बोलू लागतो, कधी कधी घाम येणे थांबते. अशा वेळी त्याला ताबडतोब सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच रुग्णालयात न्यावे. कांदा खिशात ठेवण्याची जुनी रीत आहे, ती पाळायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर दुपारी फिरू नये.

मे महिन्याच्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वाघ. ताडोबा, पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर आणि नवेगाव-नागझिरा ही सगळी जंगले नागपूरहून गाठता येतात आणि ती सगळी पानगळीची आहेत. एप्रिल-मेमध्ये झाडांची पाने झडलेली असतात, गवत वाळून खाली बसलेले असते आणि पाणी मोजक्याच पाणवठ्यांवर उरलेले असते, त्यामुळे जनावरांना तिथे यावेच लागते. व्याघ्रदर्शनाची शक्यता याच दिवसांत सर्वाधिक असते, हे निर्विवाद आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राणी पाहण्याचा निसर्गानुभव हा उपक्रम घेतो. चंद्राच्या उजेडात पाण्यावर येणारी जनावरे पाहायची ज्यांना खरी ओढ आहे, त्यांनी त्या एका रात्रीसाठी अवश्य यावे. पण ही सहल धडधाकट प्रौढांची आहे. उघड्या जिप्सीत दुपारच्या फेरीला अंगावर येणारा वारा भट्टीसारखा असतो. माझा सल्ला असा की, वाघाचीच इच्छा असेल तर आपण नवरा-बायकोने कधीतरी स्वतंत्रपणे उन्हाळ्यात यावे आणि शहर पाहण्याच्या कौटुंबिक सहलीशी ती इच्छा जोडू नये.

जूनचा पहिला पंधरवडा मी वर्षातला सर्वांत वाईट काळ मानतो, मेपेक्षाही वाईट. मार्च उजाडला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर काढतात, त्याच्या तिन्ही बाजूंना वुड वूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) किंवा वाळ्याच्या नव्या ताट्या बसवतात, आणि एप्रिल-मेच्या अतिशय कोरड्या हवेत त्या ताट्यांवरचे पाणी भराभर उडत असल्यामुळे खोली सुखद गार होते. जूनमध्ये हवेत ओल येते, पाणी उडेनासे होते आणि तोच कूलर खोलीत नुसता दमटपणा भरू लागतो. पारा मेपेक्षा दोन-तीन अंशांनी उतरलेला असतो, म्हणून पाहुणे फसतात आणि स्वस्त मिळते म्हणून कूलरची खोली घेतात. या दिवसांत यायचे झाले तर वातानुकूलित खोलीशिवाय राहू नये.

मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यास नागपुरात पोहोचतो. वर्षभरात इथे सुमारे एक हजार ते अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा सर्वांत मोठा वाटा जुलै व ऑगस्ट या दोन महिन्यांचा असतो. हा ऋतू पर्यटकांच्या हिशेबात नसतो, हे मला पटत नाही. पावसाळ्यात रामटेकचे रूप वर्षातले सर्वांत सुंदर असते. नागपूरहून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या या डोंगराची सांगड अनेक अभ्यासक कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरीशी घालतात, आणि आषाढात गडाच्या तटावर उभे राहून खिंडसी तलावाकडून सरकत येणारे ढग पाहिले की ती सांगड मनाला पटते. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, आणि मनसरचे उत्खनन ही स्थळेही याच परिसरात आहेत, पण मनसरची टेकडी पावसात निसरडी होते, तेव्हा आई-वडिलांना तिथे नेऊ नये.

पावसाळ्याच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत ताडोबाचा गाभा क्षेत्रातील भाग पर्यटनासाठी बंद असतो, पेंचमध्येही तसेच असते, आणि बफर क्षेत्रातील, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलातील सफारी रस्त्यांच्या स्थितीवर अवलंबून राहते. काटोल-नरखेडकडची जमीन काळी आहे. एक पाऊस झाला की बागेत पाऊल टाकल्यावर चपलेला शेरभर चिखल चिकटतो, त्यामुळे संत्र्यांची बाग पाहण्याचा बेत या दिवसांत आखू नये. विदर्भात विजा फार पडतात. मोकळ्या माळावर गडगडाट सुरू झाला तर झाडाखाली आसरा न घेता गाडीत बसून राहावे. शहरातही थोड्या वेळात फार मोठा पाऊस पडण्याचे प्रसंग येतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे असाच पाऊस होऊन अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. म्हणून पावसाळ्यात मुक्काम नदी-नाल्यालगत किंवा तळमजल्यावर घेऊ नये आणि परतीच्या दिवशी स्थानकावर जायला हाताशी जास्तीचा वेळ ठेवावा.

पावसाळ्यातला एक दिवस असा आहे की ज्यासाठी मी कोणालाही नागपूरला बोलावीन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, सकाळी लहान मुले सजवलेले लाकडी नंदीबैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात आणि त्याच दिवशी जुन्या शहरातून काळी व पिवळी मारबत यांची मिरवणूक निघते. कागद, बांबू आणि कापडाचे हे प्रचंड पुतळे, त्यांच्यामागे त्या-त्या वर्षीच्या गाऱ्हाण्यांवर बेतलेले बडगे नावाचे पुतळे, आणि ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी, असा सोहळा इतर कोठे पाहायला मिळत नाही. दोन्ही मारबती जिथे भेटतात त्या नेहरू पुतळा चौकात गर्दी इतकी दाटते की मुले खांद्यावर घ्यावी लागतात. वृद्धांना तिथे उभे करण्यापेक्षा मिरवणुकीच्या मार्गावरील एखाद्या ओळखीच्या घराच्या गच्चीवर किंवा माडीवर बसवणे बरे; इतवारी-महाल भागातली माणसे अशी विनंती सहसा मोडत नाहीत. हा दिवस ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही येतो, म्हणून पंचांग पाहूनच तारीख धरावी.

ऑक्टोबरमध्ये पाऊस सरतो, पण ऊन पुन्हा तापते आणि जमिनीतली ओल वाफ होऊन वर येते. या महिन्यात मी शहरदर्शनासाठी कोणाला आग्रह करीत नाही. अपवाद एकच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या घटनेच्या स्मरणार्थ विजयादशमीला धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा होतो आणि त्यासाठी देशभरातून लक्षावधी लोक दीक्षाभूमीवर येतात. खेड्यापाड्यांतून शिदोरी बांधून आलेली कुटुंबे, रस्त्याच्या कडेला मांडलेली पुस्तकांची शेकडो दुकाने आणि परत जाताना हातात खाऊच्या पुड्यांऐवजी पुस्तकांची पिशवी घेऊन निघालेली माणसे पाहिल्याशिवाय दीक्षाभूमीचा अर्थ पूर्ण कळत नाही, असे माझे मत आहे. तथापि त्या दोन-तीन दिवसांत परिसरात वाहने जात नाहीत, बरेच अंतर पायी तोडावे लागते आणि स्तूपाच्या आत शांतपणे बसणे शक्य नसते. आपल्या आई-वडिलांना स्तूपाखाली निवांत बसायचे असेल, परिसरातील बोधिवृक्षाजवळ थोडा वेळ घालवायचा असेल, तर हिवाळ्यातली एखादी साधी सकाळच योग्य.

दिवाळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हा पर्याय आपल्याला खरोखर उपलब्ध आहे. पुण्यात शिकणारी आणि नोकरी करणारी विदर्भातली मुले दिवाळीपूर्वी घरी परततात, त्यामुळे त्या आठवड्यात पुण्याहून नागपूरकडे येणाऱ्या रेल्वेगाड्या तुडुंब भरतात आणि खासगी बसचे भाडे कित्येक पटींनी चढते. भाऊबीजेनंतर हाच लोंढा उलट दिशेने पुण्याकडे वाहू लागतो. म्हणून भाऊबीजेनंतर एक-दोन दिवसांनी आपण पुण्याहून निघालात तर येताना गर्दीच्या विरुद्ध प्रवास होईल, आणि परतीचा दिवस रविवार सोडून ठेवला तर जातानाही त्रास कमी होईल. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, त्या दिवशी सकाळीच तिकिटे काढावीत. प्रत्यक्ष दिवाळीच्या तीन दिवसांत उपाहारगृहे आणि बाजार बऱ्याच अंशी बंद राहतात, तेव्हा ते दिवस आपल्या घरीच साजरे करावेत. दिवाळी नोव्हेंबरमध्ये आली असेल तर हवा उत्तम मिळते. ती ऑक्टोबरच्या विशीत आली तर दुपार अजून कडक असते, एवढे लक्षात ठेवावे. सुट्टी कार्तिकी पौर्णिमेपर्यंत लांबवता आली, तर रामटेकला त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा पाहायला मिळते. जंगलात मात्र या वेळी गवत पुरुषभर उंच असते आणि जागोजागी पाणी असते, त्यामुळे वाघ दिसेल अशी आशा मुलांना लावू नये. हिरवे जंगल, हरणे आणि पक्षी एवढ्यावर समाधान मानायची तयारी असावी.

नाताळच्या पर्यायाला मी तिसरे स्थान देतो, त्याला हवा कारणीभूत नाही. हवा छानच असते. पण १९५३ च्या नागपूर करारानुसार राज्य विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते आणि ते बहुधा डिसेंबरमध्ये असते. त्या काळात मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार आणि कार्यकर्ते यांच्यामुळे शहरातील चांगल्या खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दर चढलेले असतात. यशवंत स्टेडियमपासून निघणारे मोर्चे टेकडी रोड आणि मॉरिस कॉलेज परिसरात अडवले जातात, त्यामुळे सीताबर्डी, रेल्वे स्थानक आणि टेकडीचा गणपती या भागांत दुपारी गाडी पुढे सरकत नाही. अधिवेशन संपते न संपते तोच जंगलाच्या वेशीवरची सर्व रिसॉर्ट वर्षअखेरीच्या पाहुण्यांनी भरतात आणि सफारीची आरक्षणे त्याच्या कितीतरी आधी संपलेली असतात. नाताळातच यायचे असेल, तर अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्याबरोबर त्या पाहून घ्याव्यात आणि ३० डिसेंबरपूर्वी परत फिरावे.

जानेवारीतही संक्रांतीचे दोन-तीन दिवस टाळावेत, असे मी सांगेन. नागपूरला पतंगांचे वेड फार आहे आणि बंदी असूनही नायलॉन मांजा वापरला जातो. त्याने गळे कापल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून संक्रांतीच्या दिवशी उड्डाणपूल दुचाकींसाठी बंद ठेवावे लागतात. झाडांवर आणि तारांवर अडकलेला मांजा नंतरचे काही दिवस लोंबत राहतो. मुलांनी तो हाताने ओढू नये, याकडे लक्ष द्यावे.

त्यानंतर मात्र वर्षातले सर्वांत चांगले चार आठवडे सुरू होतात. कडाक्याची थंडी ओसरलेली असते, दुपारचे तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास राहते आणि सकाळी साडेसातपासून सूर्यास्तापर्यंतचा सगळा दिवस बाहेर घालवता येतो. दिवस आणि रात्र यांच्या तापमानात पंधरा अंशांचाही फरक पडतो, म्हणून जाड एका स्वेटरऐवजी एकावर एक घालता येतील असे दोन-तीन पातळ कपडे आणावेत. जंगलात साग आणि इतर झाडांची पाने गळू लागलेली असतात, गवत पिवळे पडून विरळ झालेले असते, त्यामुळे दिवाळीपेक्षा नजर आत पोहोचते. वाघ दिसेलच असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये, पण शक्यता बऱ्यापैकी वाढलेली असते. पहाटेच्या फेरीला उघड्या जिप्सीत गारठा हाडांपर्यंत जातो. आई-वडिलांना दुपारच्या फेरीलाच न्यावे आणि तरीही कानटोपी व शाल बरोबर ठेवावी, कारण परतताना अंधार पडू लागलेला असतो.

संत्र्यांच्या दृष्टीने तर याहून योग्य वेळ नाही. संत्र्याला इकडे दोन बहार घेतात. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात आणि त्याची फळे पुढच्या ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये उतरतात. मृग बहाराला पावसाच्या सुरुवातीला फुले येतात आणि त्याची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतात. दिवाळीनंतर बाजारात येणारे आंबियाचे फळ पुष्कळदा सालीवर हिरवट असते, ते कच्चे असते म्हणून नव्हे, तर सालीला पिवळा-केशरी रंग चढायला गार रात्री लागतात आणि त्या तोपर्यंत पुरेशा झालेल्या नसतात. मृगाच्या फळाला मात्र सगळा हिवाळा मिळालेला असतो, त्यामुळे त्याचा रंगही भरतो आणि गोडीही. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काटोल, कळमेश्वर, नरखेड किंवा पलीकडे वरूड-मोर्शी या भागात गेलात, तर एका धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या अलीकडे मृगाची फळे लदलेली झाडे आणि पलीकडच्या बागेत आंबियाची पांढरी फुले, असे दृश्य एकाच वेळी दिसू शकते. फुलावर आलेल्या बागेत सकाळी पाय ठेवल्याबरोबर जो गंध येतो, तो मुलांच्या आयुष्यभर लक्षात राहील. बागेत फळ ओढून तोडू नये; शेतकऱ्याला विचारून, देठाशी धरून, हलकेच पीळ देऊन काढावे, नाही तर सालीचा तुकडा देठाला राहतो आणि ते फळ टिकत नाही. बहुतेक बागांचा तोडा व्यापाऱ्याला आधीच दिलेला असतो, तेव्हा दोन फळे हातात मिळाली तर ती शेतकऱ्याचा पाहुणचार समजून घ्यावीत आणि घरी न्यायची पेटी विकत घ्यावी.

२६ जानेवारीचा आग्रह मी सीताबर्डीच्या किल्ल्यासाठी धरतो. नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरकर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात याच टेकडीवर लढाई झाली. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे एरवी आत जाता येत नाही. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन आणि स्वातंत्र्य दिन या दिवशी तो लोकांना पाहण्यासाठी उघडण्याची प्रथा आहे. महाराष्ट्र दिन उन्हात येतो, स्वातंत्र्य दिन पावसात, तेव्हा चढ चढून निवांत पाहायला उरतो तो प्रजासत्ताक दिन. ओळखपत्र जवळ ठेवावे आणि सकाळी लवकर रांगेत उभे राहावे. वर पोहोचल्यावर एका बाजूला रेल्वे स्थानक आणि सगळे जुने शहर नजरेत येते, ते मुलांना ओळखायला लावावे.

खाण्याच्या बाबतीतही हेच दिवस चांगले. कोथिंबीर भरून तळलेली सांभारवडी हिवाळ्यातच खरी लागते, शेतावर हुरडा मिळतो, आणि सावजी पद्धतीचा झणझणीत रस्सा पचायलाही थंडीच बरी. आई-वडिलांसाठी रस्सा कमी तिखट करून मागितला तरी तो पुण्याच्या मानाने जहालच असतो. त्यांना गोळाभात किंवा वडाभात सुचवावा.

आता बेताची रचना. रामटेक आणि पेंचचे सिल्लारी प्रवेशद्वार दोन्ही जबलपूर रस्त्याच्या बाजूला आहेत, म्हणून ती दोन ठिकाणे एकत्र जोडावीत : सकाळी रामटेक, दुपारी जंगल, किंवा जंगलाजवळ एक मुक्काम. रामटेकला गाडी गडाच्या बरीच जवळ जाते, त्यामुळे अंबाळ्याकडच्या जुन्या पायऱ्या चढण्याची आई-वडिलांना गरज नाही. ताडोबा नागपूरहून सुमारे १४० किलोमीटर आहे आणि तिथे किमान एक रात्र राहावेच लागते. एवढा प्रवास नको असेल तर पेंच पुरेसे आहे. ताडोबाचे गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते आणि अजब बंगला म्हणून ओळखले जाणारे मध्यवर्ती संग्रहालय सोमवारी, हे पाहून वार ठरवावेत. काटोल पश्चिमेला आहे, त्यासाठी वेगळी सकाळ ठेवावी आणि परतीच्या वाटेवर दुपारी दीक्षाभूमी घ्यावी. सर्वांत आधी सफारीचे आरक्षण करावे, कारण गाड्यांची संख्या ठरलेली असते. ते मिळालेल्या तारखेभोवती रेल्वेची तिकिटे आणि सर्वांत शेवटी खोली, हा क्रम ठेवावा. बागेसाठी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फोन करून विचारावे, कारण मृगाची फळे कोणत्या गावात उभी आहेत आणि कोणत्या गावात तोडा उरकला आहे, हे त्याआधी नक्की सांगता येत नाही.